जांभळीखाली बसणारी आई

प्रिय बाय,

"बाई, तिच्या आईला सांगू का, आणखी एक वर्ष घरीच शिकवा म्हणून?" असं तू काल फोनवर तुझ्या वर्गातल्या त्या टाइप १ डायबेटीसच्या नव्या मुलीबद्दल विचारलंस आणि मी पटकन उत्तर दिलं नाही. रागावले नव्हते गं. जुनी एक गोष्ट आठवली, ती पुढे सांगते. आधी उत्तर घे: असं सांगू नकोस. मुलगी नऊ वर्षांची आहे, चौथीत बसायचं तिचं वय आहे. शिक्षणहक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला. त्याचं चौथं कलम अशाच मुलांसाठी आहे. शाळा सुटलेल्या मुलाला वयाप्रमाणे वर्ग द्यायचा आणि राहिलेला अभ्यास भरून काढायला वेगळं शिकवायचं. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला तरी प्रवेश अडवता येत नाही. मुख्याध्यापक कुरकुरले तर हेही सांग, की टाइप १ डायबेटीसच्या मुलांना वर्गात साखर तपासू द्या, इन्सुलिन घेऊ द्या, मधे खाऊ द्या, असं राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये राज्यांना कळवलेलं आहे. गावात कुणीतरी दिव्यांगत्वाचा दाखला काढायला सुचवेल. २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकार आहेत, सिकलसेल आणि थॅलेसेमियासुद्धा आहेत, टाइप १ मात्र नाही. त्या कागदाची वाट बघत बसू नका.

आता ती गोष्ट. माझ्या नोकरीचं अकरावं वर्ष. तिसरीत एक मुलगा होता, त्यालाही इन्सुलिन चालू होतं. घरच्यांनी मला सांगितलं, मी "बरं" म्हटलं आणि विसरले. एकदा खेळाच्या तासानंतर तो सातचा पाढा म्हणताना अडखळायला लागला. पाढे त्याला तोंडपाठ असायचे. मी पुन्हा म्हण म्हटलं तर चिडून उलट बोलला. मी त्याला भिंतीशी उभं केलं. कपाळावर घाम दिसत होता, मला वाटलं उन्हातून आलाय. थोड्या वेळाने तो भिंतीला पाठ घासत खाली बसला आणि माझ्याकडे बघूनही बघेना. शेजारच्या वर्गातल्या बाईंच्या घरी तसं माणूस होतं, त्यांनी ओळखलं, धावत जाऊन साखरेचं पाणी आणलं. अजून गिळता येत होतं म्हणून वाचला. त्याची आई आली, तिने आरडाओरडा केला नाही. एवढंच म्हणाली, "बाई, घामाला हात लावून पाहिला असता ना. तो गार असतो." महिन्याभरात मुलाचं नाव पटावरून गेलं. त्यानंतर तो कुठल्या शाळेत गेला, की घरीच राहिला, हे मी कधी विचारलंही नाही. मला ते अजून खुपतं.

म्हणून तुला आजाराचं नाव पाठ असून चालणार नाही, तो कसा चालतो ते कळायला हवं. आपल्या शरीरात खाण्याच्या मानाने इन्सुलिन सुटतं आणि थांबतं. तिच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी तिच्याच शरीराने मारून टाकल्यात. तिचं इन्सुलिन बाहेरून येतं, आणि एकदा टोचलं की जेवण आलं काय, न आलं काय, ते साखर उतरवायचं आपलं काम करतच राहतं. रक्तातली साखर सत्तरच्या खाली गेली की हात थरथरतात, गार घाम येतो, मूल चिडतं, गोंधळतं. अशा वेळी तीन चमचे ग्लुकोज पावडर पाण्यात घालून पाजायची. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोचते. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, साखर वर आली नसेल तर पुन्हा पाजायचं, आल्यावर बिस्किट किंवा पाव द्यायचा. हे सगळं तिच्या बाकाशीच. "जा, ऑफिसात जाऊन बस" म्हणून तिला एकटीला एक पाऊलही पाठवायचं नाही. शुद्ध हरपली किंवा झटके आले तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन लावायचा. तुमच्या सत्तरी तालुक्यातल्या त्या शाळेत रेंज कुठल्या कोपऱ्यात मिळते ते आजच हिंडून बघ. वाळपईचं आरोग्य केंद्र जवळ आहे, गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ, लांब.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती मधल्या सुटीची. बचत गटाच्या बायका पावभाजी घेऊन येतात, पण गाडी कधी वेळेवर येते, कधी रस्त्यात अडकते. घरी आई इन्सुलिन टोचून लगेच ताट वाढायची. शाळेत घड्याळ बघून टोचलं आणि पाव अर्ध्या तासाने आले तर काय होईल, ते तुला आता सांगायला नको. तिच्या डॉक्टरांशी बोलून ठरवून घ्या, आणि ते "ताट समोर आल्यावरच" म्हणाले तर त्यात एका दिवसाचीही सूट नको. किती युनिट हे डॉक्टर आणि आई ठरवणार, वहीत लिहून देणार. टोचणार ती स्वतः, तिला येतं. तुझं काम इन्सुलिनच्या पेनवरचा आकडा वहीशी ताडून बघणं आणि तिने पाव खरोखर खाल्ला की मैत्रिणीला दिला, हे पाहणं. तो पेन पत्र्याखालच्या कपाटात ठेवू नकोस, तिथे भट्टी होते. मातीच्या मडक्यात, बाहेरून ओलं फडकं गुंडाळून, पाणी आत जाणार नाही असा ठेव.

दोन वर्षं ती मुलगी आईजवळ शिकली. वाचायला तुझ्या वर्गाच्या पुढेच असेल बघ. पण घरी तिला कधी सांगावं लागलं नाही. आई तोंडाकडे बघून ओळखायची. शाळेत तेहतीस पोरांच्या गलक्यात तुला तोंड दिसेलच असं नाही, आणि नवी मुलगी पहिल्या महिन्यात हात वर करत नसते. तिच्याशी एक खूण ठरव. कंपासपेटी बाकावर उभी ठेवली की तू काहीही न विचारता जवळ जायचं. साखर वाढली की तहान लागते आणि लघवीला सारखं जावं लागतं, त्यासाठी परवानगी मागायला लावू नकोस.

वर्गाला पहिल्याच आठवड्यात सांग, तिला विचारून. गोड खाऊन हे होत नाही, शेजारी बसून लागत नाही, एवढं पुरे. चौथीच्या मुलांना कळतं. मोठ्या माणसांनाच वेळ लागतो. गणेश चवथीनंतर पोरं नेवऱ्या, म्हणजे करंज्या, आणतील तेव्हा तिला वगळू नका. इन्सुलिनचा हिशेब करून तीही खाते, तिची आई सांगेल कशी. १४ नोव्हेंबरला बालदिन असतो आणि त्याच दिवशी जागतिक मधुमेह दिनही असतो, कारण इन्सुलिन शोधणाऱ्या बँटिंग यांचा तो जन्मदिवस. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोत ज्या पहिल्या रुग्णाला ते टोचलं, तो चौदा वर्षांचा मुलगा होता. त्याआधी अशी मुलं फार दिवस जगत नसत. ही गोष्ट वर्गाला त्या दिवशी जरूर सांग. आणि अभ्यास केला नसेल तर तिलाही रागव, फक्त आधी साखर बघ.

राहिली आई. तू म्हणालीस, ती रोज जांभळीखाली बसते आणि तुला दडपण येतं. आधीच्या शाळेने तिला "तुम्ही बसा, नाहीतर मुलीला घरी न्या" असं सांगितलं होतं. दोन वर्षं ही आईच मुलीची शाळा होती, तीच दवाखाना, रात्री दोनला उठून तपासणारीही तीच. तिला उठ म्हणू नकोस. तिला वर्गात बोलव आणि शिकव म्हण. ती करेल तेव्हा तू बघ, मग तू कर आणि तिला बघू दे. चार-पाच वेळा तुझा हात बरोबर पडला की एक दिवस म्हण, वहिनी, तासभर बाजारात जाऊन या. ती जाईल, अर्ध्या तासात परत येईल. येऊ दे. दुसऱ्या वेळी तास लावेल. फोन आला तर "सगळं ठीक आहे" म्हणू नकोस, आकडा सांग. तिला आकडाच हवा असतो.

रविवारी मी माशेलहून सकाळच्या बसने येते. आईकडून ग्लुकोमीटर आणि चार पट्ट्या मागून ठेव. आधी माझ्या बोटाला टोचून शीक, मग स्वतःच्या. बोटाच्या मधोमध टोचायचं नाही हं, कडेला. मधे फार दुखतं, आणि त्या पोरीला दिवसातून चार-पाचदा टोचायचं असतं.

तुझी,
बाई