‘ब’पाशी राहिलेलं वाक्य

“मावशी, माझा मुलगा साडेआठ वर्षांचा, तिसरीत आहे. बोलायला लागल्यापासून अडखळतो. वर्गातली मुलं त्याची नक्कल करतात. सासूबाई पाहुण्यांसमोर ‘नीट बोल की रे’ म्हणतात. यंदा गॅदरिंगमध्ये त्याला झाडाचं काम मिळालं. त्याने स्वतःला आहे तसं स्वीकारावं म्हणून मी रोज रात्री त्याला प्राण्यांच्या गोष्टी वाचून दाखवते. बदकाचं कुरूप पिल्लू झालं, निळा कोल्हा झाला. परवा निळा कोल्हा वाचताना तो मध्येच ‘आई, कोल्हा ओरडला ते ब... ब...’ करत अडला. उशीर झाला होता, म्हणून ‘हो, बावळटपणाच केला त्याने’ म्हणत मी गोष्ट संपवली. एवढं वाचूनही त्याच्यात काही फरक दिसत नाही. अशा आणखी दहा-बारा गोष्टी सुचवाल का?”
एक आई, नाशिक

अगं, त्याला काय म्हणायचं होतं?

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या ‘ब’पाशीच थांबले. बावळटपणा हा शब्द तुझा. त्याचा कशावरून? ‘बरं केलं’ म्हणायचं असेल. ‘बरोबर होतं’ म्हणायचं असेल. महिनोन्महिने तू वाचतेस आणि तो ऐकतो. त्या रात्री गोष्टीतलं काहीतरी त्याला इतकं भिडलं की बोलणं जड जात असतानाही तो बोलायला निघाला. आणि तू त्याच्या तोंडात आपला शब्द घालून दिवा मालवलास.

मला राग आला, आणि तो तुझ्या सासूबाईंचा नाही. त्या निदान त्याला बोल म्हणतात.

आता त्या कोल्ह्याकडे ये. ही गोष्ट पंचतंत्राच्या पहिल्या तंत्रातली, मित्रभेदातली. मुलांच्या पुस्तकांत तो नुसता ‘कोल्हा’ असतो, पण मूळ गोष्टीत त्याला नाव आहे : चंडरव. चंड म्हणजे प्रखर, रव म्हणजे आवाज. नावातच आवाज घेऊन आलेला हा प्राणी कुत्रे मागे लागले म्हणून धोब्याच्या घरात शिरतो आणि निळीच्या भांड्यात पडतो. निळा होऊन रानात गेल्यावर सगळे बिचकतात, तेव्हा तो सांगतो, मला ब्रह्मदेवाने तुमचा राजा करून पाठवलंय. नावही बदलतो. सिंहाला प्रधान करतो, वाघाला शेजघराचा रखवालदार. आणि रानातल्या कोल्ह्यांना मात्र हाकलून देतो. एकाशीही बोलत नाही.

मग एके दिवशी लांबून कोल्हेकुई ऐकू येते. इथे संस्कृतात काय आहे ते तुला सांगायलाच हवं. त्याच्या अंगावर रोमांच उठतात, डोळे आनंदाश्रूंनी भरून येतात, तो उठून उभा राहतो आणि तारस्वरात ओरडू लागतो. आनंदाने गं! पुढे सिंह-वाघ त्याला मारतात आणि बोध येतो की आपल्यांना सोडून परक्यांना जवळ करणाऱ्याचा नाश होतो. बोधाशी माझं भांडण नाही. पण मुलांसाठी गोष्ट छोटी करताना ते डोळ्यांतलं पाणी सहसा गाळलं जातं, आणि मग उरतो फक्त पकडला गेलेला एक लबाड.

दिवसभर गप्प बसणाऱ्या, झाडाचं काम मिळालेल्या मुलाला त्या ओरडण्यात काय दिसलं असेल? मी सांगू शकत नाही. तूही नाही. ते त्यालाच ठाऊक आहे.

त्या बदकाच्या पिल्लाची गोष्ट मात्र सध्या कपाटात ठेव. १८४३ पासून जगभरच्या मुलांनी ती ऐकली आहे आणि ती सुंदरच आहे, पण तिच्यात पिल्लू राजहंस निघाल्यावरच सगळे त्याला आपलं म्हणतात. तुझा मुलगा कदाचित मोठेपणीही अडखळेल. तेव्हाही तो तुझाच असेल ना? मग ती अट त्याच्या कानावर रोज रात्री कशाला घालायची?

एक जरुरीचं. लहानपणी अडखळणारी बरीच मुलं पुढे आपोआप मोकळी होतात, पण तिसरीपर्यंत टिकलंय म्हटल्यावर वाचा-उपचारतज्ज्ञाला दाखव. नाशिकमध्ये विचार, किंवा मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, १९८३ पासून वाचा आणि श्रवणाचंच काम करते. तिथे तुला आधी काय सांगतील ते आत्ताच सांगते : त्याचं वाक्य आपण पुरं करायचं नाही. ‘सावकाश बोल’, ‘श्वास घे’ हेही नाही. आपण स्वतः संथ बोलायचं, त्याच्याकडे बघत राहायचं आणि थांबायचं.

म्हणून आज रात्री नवी गोष्ट काढू नकोस. तोच निळा कोल्हा काढ, तेच पान. कोल्हा ओरडतो तिथे पुस्तक मांडीवर ठेव आणि म्हण, “त्या दिवशी तू काहीतरी सांगत होतास, मी मध्येच बोलले. माझं चुकलं. मला ऐकायचंय.” मग गप्प बस. तो ‘ब’वर अडेल. अडू दे. मिनिट जाईल, तुला ते तासासारखं वाटेल, शब्द तुझ्या जिभेवर येईल. गिळून टाक. घड्याळाकडे बघू नकोस. त्या दिवशीचा विषय तो विसरला असेल आणि शाळेतलं भलतंच काही सांगायला लागला, तर तेही शेवटपर्यंत ऐक. आज काहीच बोलला नाही, तर उद्या पुन्हा तेच पान.

तो काय म्हणाला ते मला कळव, त्याच्याच शब्दांत. गोष्टींची यादी मी त्यानंतर पाठवीन.

तुझी मावशी