कर्ज फेडायला पोरीला गडचिरोलीला पाठवू का?

पत्र थोडक्यात असं आहे. "मॅडम, मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहे, महिना २२ हजार. मिसेस घरी विड्या वळते. मुलगी बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला, प्रायव्हेट कॉलेज. दरवर्षी सव्वा लाख असं ५ लाखाचं एज्युकेशन लोन आहे, व्याज १० टक्के. मोबाईलवर व्हिडिओ बघितला की नर्सने दोन वर्षं मागास भागात सेवा केली तर सरकार ६० टक्के कर्ज फेडतं, तिसरं वर्ष केलं तर अजून २५ टक्के. आम्ही ठरवलंय की पास झाली की गडचिरोलीला पाठवायचं, कर्ज मिटलं की लग्न. एक जण १२ हजार रजिस्ट्रेशन फी घेऊन नाव लावून देतो म्हणतोय. भरू का? आम्ही ओबीसीत आहोत." आणि सगळ्यात खाली एक ओळ, बहुतेक पत्र टाईप करणाऱ्या मुलीनेच घातलेली: "मला खेड्यात जायला काही प्रॉब्लेम नाही पण मला कोणी विचारलं नाही."

दादा, आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. भरू नका. एक रुपयासुद्धा भरू नका, तो नंबर ब्लॉक करा. आणि ऑलरेडी भरले असतील तर लाजू नका, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर फोन करून तक्रार नोंदवा, जेवढ्या लवकर कराल तेवढं बरं.

आता मला ज्याचं टेन्शन आलं ते सांगते. ते कर्ज नाहीये. ती शेवटची ओळ आहे. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, त्यात "आम्ही ठरवलंय" आहे, "पाठवायचं" आहे, "लावून देतो" आहे, पण पोरीला काय आवडतं, कुठल्या वॉर्डात तिचा जीव रमतो, आयसीयू की डिलिव्हरी की लहान पोरं, पुढं शिकायचंय का, यातला एक शब्द नाही. तिचे मार्कसुद्धा लिहिलेले नाहीत की ओ! तीन वर्षं ती पहाटे उठून ड्युटीला जातेय, पेशंटच्या शिव्या खातेय, रात्री जर्नल पूर्ण करतेय, आणि तिच्याच आयुष्याची पुढची तीन वर्षं कुठं जाणार हे तिला तुमचं पत्र टाईप करता करता कळतंय, किंवा आधीच कळलंय आणि बोलायला जागा मिळाली ती या एका ओळीत. ती ओळ तुम्ही वाचली का पाठवायच्या आधी? मला वाटतं नाही वाचली.

तुम्ही वाईट बाप आहात असं मी अजिबात म्हणत नाहीये. २२ हजारात ५ लाखाच्या कर्जावर सही करायला छाती लागते, आणि आपल्या पूर्व भागात आजही पोरगी बारावी झाली की स्थळं बघायला सुरू करणारी घरं मला माहितीयत, तुम्ही तसं केलं नाही. पण कर्जाची भीती डोक्यात बसली ना की माणूस घरातल्या माणसांचापण हिशोब करायला लागतो. पोरगी म्हणजे कर्ज फिटायचं मशीन, ते फिटलं की लगेच लग्न, म्हणजे तिने शिकून कमावलेला पहिला रुपया पण तिचा नाही आणि कर्ज फिटल्यानंतरचा पण नाही. हे तुम्हाला असं म्हणायचं नसेल, पण पत्रात तसंच उतरलंय.

बरं आता त्या व्हिडिओचं. तुम्ही लिहिलेले आकडे बघून मला लगेच कळलं हे कुठलं आहे. दोन वर्षांला ६० टक्के आणि तिसऱ्या वर्षाला २५, ही अमेरिकेतली नर्स कोअर नावाची योजना आहे. खरी आहे, खोटी नाही. तिथं ज्या दवाखान्यांत नर्स मिळत नाहीत अशा ठिकाणी नोकरी केली की तिथलं सरकार नर्सच्या शिक्षणाचं कर्ज असं हप्त्याने फेडतं. डॉक्टर लोकांसाठी पण तिथं नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअर आहे, १९७० च्या कायद्यातून आलेली. पण ती योजना तिथल्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांना, तिथल्या लायसन्सवर, तिथल्या कर्जावर. आणि तिथं सुद्धा असं नाही की खेड्यात गेलं की आपोआप माफ. आधी नोकरी धरायची, मग अर्ज करायचा, पैसे ठरलेले असतात, ज्याची गरज जास्त त्याचा नंबर आधी. कुणीतरी तो इंग्लिश व्हिडिओ उचलला, हिंदीत आवाज भरला, खाली नंबर टाकला, झालं. सोलापूरच्या बँकेतलं तुमचं लोन त्यात कुठं बसणार?

आपल्याकडं गोंधळ का होतो ते पण मला समजतं, कारण हा प्रश्न मला तुम्ही पहिले नाही विचारलेला. एक तर आपल्या डोक्यात कर्ज म्हटलं की माफी येते. २०१७ ला शेतकऱ्यांची झाली, २०१९ ला परत झाली, गावाकडच्या भावाचं सोसायटीचं कर्ज गेलं, मग पोरीचं का नाही जाणार असं वाटतं. ती पीक कर्जाची माफी होती दादा, एज्युकेशन लोनचा तिच्याशी काही संबंध नाही. दुसरं म्हणजे डॉक्टरांचा बाँड. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेल्या पोरांना एक वर्ष सरकार सांगेल तिथं सेवा करावी लागते, आपल्या सिव्हिलला लागून जे वैशंपायन मेडिकल कॉलेज आहे तिथल्या पोरांना पण. लोक म्हणतात बघा, खेड्यात जातात म्हणजे सरकार काहीतरी माफ करतंय. उलटं आहे. सरकारी कॉलेजात कमी फीमध्ये शिकवलं म्हणून ते वर्ष वसूल करतात, त्याचा पगार देतात, पण त्या पोराने बँकेकडून काढलेल्या कर्जाला कुणी हात लावत नाही, ते तो स्वतःच फेडतो. तुमची पोरगी तर प्रायव्हेट कॉलेजात, तिला बाँड पण नाही. म्हणजे गडचिरोलीला, पार नागपूरच्या पुढं, ती दोन काय पाच वर्षं राहिली तरी तिच्या लोन अकाऊंटवर फक्त व्याज चढत राहणार. आणि माफीची वाट बघत हप्ते थांबवले तर तिचा सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा रेकॉर्ड, खराब होणार आणि सोबत तुमचा पण, कारण तुम्ही को-ॲप्लिकंट, म्हणजे सहकर्जदार आहात.

आता खरी गोष्ट, ज्यासाठी मी एवढं मोठं उत्तर लिहितेय. तुम्ही नसलेल्या माफीच्या मागं लागलाय आणि असलेली सवलत बहुतेक तुमच्या हातून सुटतेय.

हिशोब बघा. दरवर्षी सव्वा लाख, असे चार वर्षं. शिकताना आणि शिक्षण संपल्यावर अजून एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याजाचं मीटर चालूच असतं, हे बँकेत कुणी समजावून सांगत नाही. पहिल्या वर्षीच्या सव्वा लाखावर पाच वर्षांचं व्याज, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर तीन, चौथ्यावर दोन. साध्या व्याजाने १० टक्क्यांनी धरा, १ लाख ७५ हजार होतात. म्हणजे पहिला हप्ता भरायच्या दिवशी कर्ज ५ नाही, ६ लाख ७५ हजार आहे. दहा वर्षांत फेडायचं तर महिना ८,९०० च्या आसपास. व्याज चढलं नसतं तर हाच हप्ता ६,६०० असता.

आणि केंद्र सरकारची एक व्याज सवलत योजना आहे, २००९ पासून. आईवडिलांचं वर्षाचं उत्पन्न साडेचार लाखाच्या आत असेल तर या हप्ता नसलेल्या काळातलं व्याज सरकार भरतं. तुमचे २२ हजार म्हणजे वर्षाला २ लाख ६४ हजार, विड्यांचे धरले तरी तुम्ही आत बसताय. त्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला बँकेत द्यावा लागतो आणि बँकेने पुढं क्लेम करावा लागतो. तुम्ही दिला होता का? पत्रात दाखल्याचं नावच नाही म्हणून मला शंका येतेय. माझ्या भाच्याच्या वेळी एका बँकेत साहेबांनी सरळ सांगितलं होतं की ती योजना बंद झाली, मी म्हटलं लेखी द्या, तर दहा मिनिटात फॉर्म सापडला. तेव्हा तोंडी नाही ऐकून परत येऊ नका. कर्ज बँकेच्या नेहमीच्या एज्युकेशन लोन स्कीममधलं आहे ना आणि कॉलेजला नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे ना एवढं आधी बघून घ्या. पतसंस्थेचं किंवा फायनान्स कंपनीचं असेल तर हे विसरा.

अजून एक. २०२४-२५ पासून राज्य सरकारने ८ लाखाच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींची व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केलीय, आधीपासून शिकत असलेल्या मुलींना पण. अट अशी की ॲडमिशन कॅप राऊंडमधून, म्हणजे सरकारच्या सामायिक प्रवेश फेरीतून हवी. मॅनेजमेंट कोट्यातून घेतली असेल तर नाही, अभिमत विद्यापीठ असेल तरी नाही. तुम्ही ते लिहिलेलंच नाही, पण पोरीला पक्कं माहिती असणार. कॅपमधून असेल तर महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या वेबसाईटवर, दरवर्षी फॉर्म भरलाय का ते बघा, कारण फी माफ असेल तर चौथ्या वर्षाचे सव्वा लाख बँकेतून उचलायचेच कशाला? तुम्ही सांगताय ती "माफी" इथं आहे, सोलापुरात, आणि त्यासाठी कुणाला गडचिरोलीला जायला लागत नाही.

आता थोडं पोरीशी बोलते.

तुला खेड्यात जायला प्रॉब्लेम नाही म्हणतेस, ते मला लई आवडलं, पण ते कर्जाच्या बदल्यात नको, नोकरी म्हणून बघ. एनएचएममध्ये, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य अभियानात, सामुदायिक आरोग्य अधिकारी नावाचं पद आहे, सगळे सीएचओ म्हणतात, बी.एस्सी. नर्सिंगवाल्यांना चालतं. उपकेंद्रावर बसायचं, ज्याला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, बीपी शुगर तपासायची, गोळ्या द्यायच्या, गरोदर बायकांवर लक्ष ठेवायचं, आणि तिथं डॉक्टर नसतो, तूच असतेस. पगार २५ हजार आणि कामावर अजून १५ हजारापर्यंत. कंत्राटी आहे, तो इन्सेंटिव्ह कधी वेळेवर येतो कधी रखडतो, पर्मनंट करा म्हणून आंदोलनं चालूच असतात, हे सगळं डोळे उघडे ठेवून. पण स्वतःच्या हाताने काम करून जे शिकायला मिळतं ते मोठ्या हॉस्पिटलच्या वॉर्डात पाच वर्षं सलाईन लावून मिळत नाही. आणि त्यासाठी गडचिरोलीच कशाला? अक्कलकोट तालुक्यातल्या बॉर्डरच्या गावांमध्ये म्हातारी माणसं कन्नडशिवाय बोलत नाहीत, पेशंट काय सांगतोय हेच कळत नाही म्हणून बाहेरून आलेली सिस्टर वैतागते. तुला कन्नड किंवा तेलुगू येत असेल, आपल्याकडं निम्म्या घरात येतंच, तर ती तुझी डिग्रीइतकीच मोठी गोष्ट आहे. मंगळवेढ्याकडची ती पस्तीस गावं आहेत, पाण्यासाठी पेपरात येतात ती, तिथंही माणसं आजारी पडतातच. मागास भाग बघायला आपल्याला जिल्हा सोडावा लागत नाही. तरी तुला गडचिरोलीलाच जायचं असेल, तिथलं काम बघायचं असेल, तर जरूर जा, तिथं शिकण्यासारखं भरपूर आहे, फक्त तू ठरवून जा.

एम्सची नॉरसेट ही नर्स भरतीची परीक्षा, राज्याची अधिपरिचारिका म्हणजे स्टाफ नर्सची भरती, हे तुला तुझ्या सिनियर्सनी सांगितलंच असेल, चौथ्या वर्षापासून तयारी लाव, त्यावर जास्त लिहीत नाही.

आणि दादा, लग्नाचं. वर आपण फेडायला दहा वर्षं धरली, पंधरा वर्षांपर्यंत पण मुदत मिळते. ते फिटल्याशिवाय लग्न नाही असं धरलं तर ते पण चूक, आणि फिटलं की लगेच लग्न हे पण. स्थळ आलंच तर समोरच्यांना पहिल्याच भेटीत सांगायचं की मुलीच्या नावावर हप्ता आहे आणि तो ती तिच्या पगारातून भरणार आहे. हे ऐकून जे उठून जातात त्यांना जाऊ द्या, चहाचा खर्च वाचला.

सोमवारी सुट्टी टाका, अर्धा दिवस पुरेल. तहसील ऑफिस किंवा सेतूमध्ये उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज, आधीचा दाखला चालू असेल तर तोच घ्या. मग पोरीला सोबत घेऊन बँकेत जा, कर्ज तिच्या नावावर आहे, बोलायचं पण तिनेच, तुम्ही शेजारी बसा. तीन गोष्टी मागायच्या: लोनचं स्टेटमेंट, आतापर्यंत किती व्याज लागलं, आणि व्याज सवलतीचा क्लेम केलाय का नाही ते. नसेल केला तर अर्ज देऊन त्याच्या कॉपीवर शिक्का मारून घ्या. आणि सवलत मिळत नाहीच असं निघालं तर महिन्याला जमेल तेवढं, हजार तर हजार, व्याजापोटी आत्तापासून भरत चला, ते १२ हजार ज्या माणसाला देणार होतात ते पहिले तिथं जाऊ देत.

स्टेटमेंट मिळालं की फोटो मला पाठवा, अकाऊंट नंबर झाकून. आणि ॲडमिशन कॅपमधून होती का मॅनेजमेंटमधून, ते तिला लिहायला सांगा, यावेळी वर, पहिल्या ओळीत.