भावाला ड्रग्जच्या केसमध्ये शिक्षा झाली आहे, आईच्या नावावरचं घर जप्त होईल का?

होऊ शकतं. ‘घर आईच्या नावावर आहे, त्याला कोण हात लावतंय’ हा भरवसा मी फौजदारी वकिलीत अनेकांकडून ऐकला आहे.

शिक्षा देणारं कोर्ट सहसा माल आणि तो नेणारी गाडी सरकारजमा करतं. घर, जमीन, बँकेतले पैसे यांच्यासाठी १९८५च्या एनडीपीएस या अमली पदार्थांविरुद्धच्या कायद्यात १९८९ साली प्रकरण ५-अ घातलं गेलं. गुन्हा दहा वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेचा असेल, तर सक्षम प्राधिकारी (या कामासाठी नेमलेला सरकारी अधिकारी) नातेवाइकांच्या मालमत्तेचीही चौकशी करतो. आई, बायको, मुलं, भावंडं, अगदी मेहुणेसुद्धा त्यात येतात. साफेमा हा तस्करांच्या मालमत्ता जप्त करण्याचा १९७६चा कायदाही याच धाटणीचा. दाऊदच्या आई आणि बहिणीच्या नावावरच्या नागपाड्यातल्या मालमत्ता त्याखाली गेल्या, आणि २०१८मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांची याचिका फेटाळली.

आता तुमच्या घरासाठी सगळ्यात महत्त्वाचं: दस्त कोणत्या सालचा आहे? अटकेच्या (किंवा वॉरंटच्या) तारखेपासून मागे सहा वर्षं मोजा. घर त्याआधी घेतलेलं असेल, तर ते प्रकरण ५-अ खाली जप्त होत नाही.

नंतरचं असेल तर पैसा कुठून आला हे आईनेच सिद्ध करायचं असतं. कारणे दाखवा नोटिशीला उत्तर द्यायला ३० दिवस मिळतात आणि ते कागद शोधण्यातच जातात, म्हणून आजपासून लागा: पासबुकं, पेन्शनची कागदपत्रं, कर्जाचे हप्ते, विकलेल्या शेताचा सातबारा. माझ्याकडे आलेल्या एका आजींनी यजमानांच्या ग्रॅच्युइटीची पावती पत्र्याच्या पेटीत जपली होती. घर वाचलं ते त्या पावतीमुळे. सरकारलाही नुसता संशय पुरत नाही. घर आणि काळा पैसा यांचा संबंध नोटिशीत दिसायला हवा, असं सुप्रीम कोर्टाने २००८ साली अस्लम मर्चंट खटल्यात सांगितलं होतं; पण २०१४च्या कायदादुरुस्तीनंतर केवळ तो थेट संबंध दाखवला नाही म्हणून नोटीस रद्द ठरत नाही. त्यामुळे उत्तरात सगळी भिस्त त्या मुद्द्यावर ठेवू नका.

घाबरून घर मामाच्या नावावर बक्षीसपत्राने करू नका. नोटिशीनंतरचा असा व्यवहार जप्तीच्या कामात शून्य धरतात, वर संशय वाढतो तो वेगळाच.

किमतीच्या काही भागाचाच हिशेब लागला नाही, तर तेवढ्या भागाच्या बाजारभावाइतका दंड भरून घर राखता येतं. ही सवलत लेखी मागा. आणि जप्तीचा आदेश निघालाच, तर न्यायाधिकरणाकडे अपिलाची मुदत ४५ दिवसांची आहे.