नर्सिंग कॉलेज बघताना आधी रुग्ण मोजा

प्रश्न : मुलगी यंदा बारावी सायन्स झाली. तालुक्याजवळ नवीन बी.एस्सी. नर्सिंग कॉलेज निघालंय. एजंट म्हणतो, "हजेरीचं आम्ही बघतो, परीक्षेपुरती आली तरी चालेल." एवढी कॉलेजं झाल्यावर डिग्रीला किंमत राहील का? की जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा) बरं? – एक पालक, ता. जिंतूर, जि. परभणी

उत्तर : त्या एजंटाच्या नादी लागू नका. परीक्षेला बसायला थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हींत वेगवेगळी 80 टक्के हजेरी लागते, आणि डिग्रीआधी प्रॅक्टिकलची 100 टक्के पूर्ण करावी लागते. ती कागदावरच भरली, तर मुलगी पहिल्याच नाइट ड्युटीला अडते. साधं सलाईन घ्या : 500 मि.ली. 8 तासांत द्यायचं, सेट (सलाईनची नळी) 1 मि.ली.ला 20 थेंबांचा, म्हणजे मिनिटाला साधारण 21 थेंब. गणित वहीत चटकन जमतं. पण रुग्णाने हात दुमडला की थेंब मंदावतात आणि सुई शिरेबाहेर सरकली की हात सुजतो. ते ओळखायला रुग्णाजवळच उभं राहावं लागतं.

आपल्या देशात विद्यापीठाची नर्सिंग डिग्री 1946 मध्ये दिल्ली आणि वेल्लोरला सुरू झाली. 2023 मध्ये केंद्राने, 2014 नंतर निघालेल्या मेडिकल कॉलेजांलगत, 157 नव्या नर्सिंग कॉलेजांना मंजुरी दिली. ही वाढ आम्हाला मोलाची वाटते, कारण तिथे शिकायला रुग्ण आहेत. घात होतो तो इमारत आधी आणि हॉस्पिटल मागून, अशा ठिकाणी.

हिशेब असा करा. 60 जागा, चार वर्षं, म्हणजे 240 विद्यार्थी. त्यातले 80 जण एका दिवशी वॉर्डात गेले, तर एका विद्यार्थ्यामागे 3 रुग्ण या प्रमाणाने 240 रुग्ण हवेत. 100 खाटांच्या हॉस्पिटलात 75 भरलेल्या असल्या, तर 25 जणांचीच सोय होते. उरलेल्यांना कुठे पाठवता, हे विचारा. छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वाराती यांसारखं सरकारी हॉस्पिटल किंवा जिल्हा रुग्णालय असं उत्तर आलं, तर चालू वर्षाचं परवानगीपत्र बघायला मागा. सकाळी आठला त्या वॉर्डात जाऊन या. त्या कॉलेजच्या गणवेशातल्या मुली आणि सोबत शिकवणाऱ्या मॅडम दिसल्या पाहिजेत. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता, दोन्ही तपासा.

जीएनएम तीन वर्षांचं, खर्च कमी; नोकरी त्यावरही लागते. पण एम्सच्या नर्सिंग ऑफिसर परीक्षेला बी.एस्सी.वाली लगेच बसते, जीएनएमवालीला 50 खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. एम.एस्सी. करून शिकवायचं असेल, तर डिग्री हवीच. जवळ फक्त रिकाम्या खाटांचं बी.एस्सी. आणि तुडुंब वॉर्डाचं जीएनएम असेल, तर आम्ही जीएनएम घ्या म्हणू.

प्रश्न : जीएनएम झालंय. आता डिग्री करता येईल? – एक वाचक, उदगीर

उत्तर : येईल. दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करा. नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू असावी लागते. मुदत संपली असेल, तर अर्जाआधी नूतनीकरण करून घ्या.