नाटकात दर प्रयोगाला फाडायचं जुनं पत्र कसं तयार करावं?

कागद जुना दिसावा म्हणून तो चहात बुडवायचा असतो, त्यामुळे मजकूर लेझर प्रिंटवरच काढा. इंकजेटची शाई चहात उतरते आणि अक्षर फुटतं. शाईपेनाने लिहायचं असेल तर कागद आधी रंगवून वाळवा, मग लिहा.

एक लिटर पाण्यात चार चमचे चहा पावडर दहा मिनिटं उकळून गाळा, थंड होऊ द्या. दूध-साखर नको, साखरेने कागद चिकटतात, मुंग्या लागतात. पसरट ताटात दोन-तीन मिनिटं बुडवा आणि आडवेच वाळवा. दोरीवर टांगले तर चिमट्याचे डाग पडतात, खाली रंगाची रेघ साचते. घडी घालून घडीच्या रेषेवर घट्ट चहाचा ब्रश फिरवा, खरं जुनेपण तिथेच दिसतं. कडा मात्र जाळू नका, ते लगेच खोटं वाटतं.

रंग हवा त्यापेक्षा थोडा फिका ठेवा, पिवळ्या दिव्यांत तो गडद दिसतो.

फाडण्याची दिशा बहुतेक जण विसरतात. कागद एका बाजूने सरळ फाटतो, दुसऱ्या बाजूने वेडावाकडा. कोरा कागद दोन्हीकडून फाडून बघा आणि नटाचा हात सरळ फाटणाऱ्या दिशेने जाईल असा मजकूर छापा.

प्रत्येक प्रयोगाला दोन प्रती, एक विंगेत राखीव. चित्रपटासाठी सात-आठ हुबेहूब प्रती लागतात, कारण प्रत्येक टेकला नवी फाटते. क्लोजअपमध्ये पत्ताही वाचला जातो: पिनकोड १९७२ साली आला, त्याआधीच्या पत्रावर तो नको.