चित्रफीत नव्हे, चकती नव्हे, तबकडी

प्रश्न दादरहून आलाय. विचारणारे जुन्या भयपटांचे शौकीन आहेत. रामसे बंधूंचे सिनेमे मॉन्डो मकाब्रो या परदेशी कंपनीने आधी डीव्हीडीवर आणि अलीकडे ब्लू-रेवर काढले. त्याबद्दल त्यांनी एके ठिकाणी लिहिलं, "'पुराना मंदिर'ची नवीन चित्रफीत प्रदर्शित झाली." त्यांच्या मित्राने सुनावलं की चित्रफीत नाही, 'चकती' म्हण. तर बरोबर काय? आणि 'कल्ट फिल्म'ला, म्हणजे मोजक्या चाहत्यांनी वेडाने जपलेल्या सिनेमाला, मराठीत काय म्हणायचं?

चित्रफीत चूक आहे. चकतीही मला मान्य नाही. आपल्याकडे 'तबकडी' आहे आणि ती जुनी, नेमकी आणि देखणी आहे.

आधी चित्रफितीचं बघू, कारण तो शब्द रोज संध्याकाळी टीव्हीवर ऐकून माझं डोकं उठतं. कुणीतरी मोबाइलवर काहीतरी टिपतं, ते इकडून तिकडे फिरतं आणि बातमी येते, 'चित्रफीत व्हायरल'. अरे, फीत कुठे आहे त्यात? फीत म्हणजे पट्टी. मुलींच्या वेणीला बांधतात ती, उद्घाटनाला कापतात ती. पोर्तुगिजांच्या 'फिता'वरून तो शब्द आपल्याकडे आला आणि खुद्द पोर्तुगीज भाषेतही फिता म्हणजे सिनेमा असा अर्थ आहे, कारण सिनेमा पट्टीवरच असायचा. व्हीएचएस कॅसेटला चित्रफीत म्हणणं अगदी चपखल होतं. अर्धा इंच रुंद आणि दोन तासांच्या कॅसेटमध्ये जवळजवळ अडीचशे मीटर लांब अशी ती खरीखुरी फीत होती. कॅसेटची पुढची झडप बोटाने उचलली की ती काळी, चकचकीत, ताणलेली दिसायची. यंत्राने चावली की हळूहळू ओढून सोडवायची, सुरकुत्या बोटाने सपाट करायच्या आणि तो भाग आला की पडद्यावर मुंग्या यायच्या. ज्यांनी हे केलंय त्यांना तरी चित्रफीत म्हणजे काय ते सांगावं लागू नये.

आता चकती. परिभाषा तयार करणारे 'डिस्क' दिसली की चकती लिहून मोकळे होतात. चकती कापलेली असते. गाजराच्या चकत्या, केळ्याच्या चकत्या, नळाच्या तोटीत घालायची चामड्याची चकती. कशातून तरी काढलेला गोल तुकडा, त्यावर काही ठेवलेलं नसतं. ज्याच्यात अख्खा सिनेमा ठेवलाय त्याला चकती म्हणणं हा आळस आहे. दुसरं काही नाही.

तबक घ्या. अरबीतून फारसीमार्गे आलेला शब्द. औक्षणाचं तबक, विड्याचं तबक. तबक रिकामं फिरवत नाहीत, त्यात काहीतरी ठेवून ते पुढे केलं जातं. त्याला 'डी' लागून लहान तबक, म्हणजे तबकडी. दामाची दमडी, पलंगाची पलंगडी, तशीच ही. (एका जाणकारांनी 'तबक अधिक कडी, म्हणजे कडी असलेलं तबक' अशी फोड छापली आहे. कडी असलेली ग्रामोफोनची रेकॉर्ड त्यांनी कुठे पाहिली ते त्यांनी सांगावं. व्युत्पत्ती सांगणाऱ्याने निदान ती वस्तू एकदा हातात घ्यावी.)

गंमत अशी की इंग्रजीतही हेच झालंय. लॅटिन 'डिस्कस'मधून त्यांच्याकडे 'डिस्क' आली आणि 'डिश'ही त्यातूनच आली. म्हणजे डिस्क आणि ताटली मुळात एकच. आपल्या लोकांनी ग्रामोफोनच्या रेकॉर्डला तबकडी म्हटलं तेव्हा त्यांनी इंग्रजी शब्दाचं मूळ शोधलं नसणार, नुसती वस्तू बघितली असणार आणि तरी ते थेट मुळाशी पोचले. परिभाषाकारांना जे कोश समोर ठेवून जमलं नाही, ते बाजा ऐकणाऱ्यांनी केलं.

आता मला खरं सांगायचंय ते. 'उडती तबकडी'.

24 जून 1947 रोजी अमेरिकेत केनेथ आर्नल्ड या वैमानिकाला माउंट रेनिअरजवळ नऊ चकाकत्या वस्तू दिसल्या. पाण्यावर भिरकावलेली बशी टप्पे खात जाते तशी त्यांची चाल होती, असं त्याने वर्णन केलं आणि वर्तमानपत्रांनी त्यांना 'फ्लाइंग सॉसर' करून टाकलं. सॉसर म्हणजे सरळ बशी. हिंदीने 'उड़न तश्तरी' केलं, तेही बशीच्या जवळचंच. मराठीने मात्र 'उडती बशी' केलं नाही. का?

माझं ठाम मत आहे की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे तेव्हा ग्रामोफोनची तबकडी होती. बशी चहा पिण्यापुरती, ती जागेवर असते. तबकडी फिरते. मिनिटाला 78 फेऱ्या, वर दिवा असला की कडेला चमक धावते आणि फिरताना ती तरंगतेय असं वाटतं. चोरबाजारात मटण स्ट्रीटवर अजूनही जुन्या रेकॉर्डी मिळतात. तिथे एकदा लाखेची जुनी रेकॉर्ड दोन तळव्यांत धरून, तिरकी करून उन्हाला लावली होती. काळ्या रेघांवरून प्रकाश असा गर्रकन फिरला की आकाशातल्या वस्तूला कुणी हेच नाव का दिलं, ते मला त्या क्षणी पटलं. 'बशीचं भाषांतर चुकलं' असं म्हणणारेही आहेत. भाषांतर चुकलेलं नाही, सुधारलंय.

आणि अरबीत उडत्या तबकडीला काय म्हणतात? 'तबक ताइर'. उडतं तबक! आपण त्यांच्याकडून तबक घेतलं, त्याची तबकडी केली, ती आकाशात उडवली आणि तिकडे त्यांनीही तेच तबक उडवलं. हे कळलं त्या दिवशी मी घरातल्या प्रत्येकाला ते दोनदा सांगितलं.

अजून एक. तबकच्या अरबी मुळात एकावर एक बसणाऱ्या थरांचाही अर्थ आहे. सात आकाशं एकावर एक रचलेली, असं सांगताना कुराणात याच धातूचं रूप येतं. आता ब्लू-रे तबकडी बघा. 12 सेंटिमीटर व्यास, 1.2 मिलिमीटर जाडी आणि त्यात माहितीचा एक थर असेल तर 25 गिगाबाइट, एकाखाली एक दोन असतील तर 50. थरांवर थर. चकतीत आहे का हे कुठे?

मूळ वाक्यात आणखी एक चूक आहे, तीही काढून टाका. सिनेमा प्रदर्शित होतो, कारण तो थिएटरात लोकांना दाखवला जातो. तबकडी 'निघते'. अमक्याची रेकॉर्ड निघाली, असंच आपले आजोबा म्हणत. तेव्हा लिहा, "'पुराना मंदिर'ची नवी तबकडी निघाली." जुन्या निगेटिव्हवरून नव्याने केली असेल तर "मूळ फितीवरून नवी तबकडी काढली". इथे फीत बरोबर, कारण 35 मिलिमीटरची निगेटिव्ह ही फीतच आहे. रामसेंचे वडील एफ. यू. रामसे यांचं फाळणीनंतर लॅमिंग्टन रोडवर रेडिओचं दुकान होतं. त्या रस्त्यावर आजही 'तबकडी वाजवायचं यंत्र' मागितलं तर माणूस डीव्हीडी प्लेयर काढून देतो. मी मागितलंय.

कल्ट फिल्मला 'पंथपट' म्हणू नका. पंथ म्हटलं की वारकरी, नाथ, महानुभाव डोळ्यांपुढे येतात. 'कल्ट' राहू द्या, तो रुळलाय. फक्त 'बी ग्रेड' आणि 'कल्ट' एकच समजू नका. अमेरिकेत एका तिकिटात दोन सिनेमे दाखवत, त्यातला कमी खर्चाचा दुसरा तो 'बी', एवढाच त्याचा मूळ अर्थ. आपण त्याचा दर्जा करून टाकला. अमेरिकन दिग्दर्शक एड वुडचा 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस' कमी खर्चाचाही आहे आणि कल्टही. त्यात दोऱ्याला टांगलेल्या खेळण्यातल्या उडत्या तबकड्या आहेत आणि आता तो तबकडीवर मिळतो.