बोट न टोचता शुगर दाखवणारं स्मार्टवॉच वडिलांसाठी घ्यावं का? ते दोन वेळ इन्सुलिन घेतात.

नका घेऊ. इन्सुलिन चालू असलेल्या माणसासाठी तर अजिबातच नको.

घड्याळामागचा हिरवा दिवा नाडीचे ठोके मोजतो, रक्तातली शुगर नाही. कातडीला न टोचता शुगर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही, असं अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणारी सरकारी संस्था) फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केलं होतं. यात फक्त पैसे वाया जात नाहीत. घड्याळ २५० दाखवतंय, खरी शुगर ९० आहे, आणि त्या भरवशावर इन्सुलिन जास्त घेतलं गेलं, तर माणूस बेशुद्ध पडू शकतो.

भरवशाचा आहे तो सीजीएम, म्हणजे दिवसरात्र सतत शुगर मोजणारा सेन्सर. फ्रीस्टाइल लिब्रेसारखी छोटी चकती दंडाच्या मागच्या बाजूला लावतात आणि एक बारीक तार कातडीखाली राहते. लिब्रे मॉडेलप्रमाणे १४ किंवा १५ दिवस चालतो. तो रक्तातली नाही, तर पेशींच्या भोवतालच्या द्रवातली शुगर मोजतो, त्यामुळे पाच-दहा मिनिटं मागे असतो. जेवणानंतर त्याचा आकडा ग्लुकोमीटरशी जुळला नाही तर घाबरू नका. या सेन्सरचा आकडा फोनवरून घड्याळात दिसतो, ते मात्र ठीक आहे; मोजणारा सेन्सरच असतो.

आकड्याशेजारचा बाण नीट बघायला शिका. ११० आणि आडवा बाण असेल तर निवांत. ११० आणि सरळ खाली बाण असेल, तर काहीतरी खायला द्यायची वेळ आलेली असते. ग्लुकोमीटर हे कधीच सांगत नाही.

माझ्या आईची उपाशीपोटीची शुगर ११०-१२० यायची, सगळे खूश. रात्री घामाने गाऊन भिजायचा, तो उकाड्याचा समजला जायचा. सेन्सर लावल्यावर दिसलं की पहाटे तीनच्या सुमारास रेघ ६० च्या खाली जाते. दंडावर झोपून सेन्सर दाबला गेला तरी असा खोटा 'लो' दिसतो, म्हणून तिला उठवून बोट टोचून पाहिलं: ५८. लगेच तीन चमचे साखर पाण्यातून दिली, पंधरा मिनिटांनी परत तपासलं. डॉक्टरांनी रात्रीचा डोस कमी केला. आता ती सलग झोपते, आणि त्याहून मोठं समाधान मला दुसरं नाही.

सेन्सर महाग आहे, दर पंधरवड्याला झेपेलच असं नाही. मग डॉक्टरांकडे जायच्या आधी एक लावा आणि काय, किती वाजता खाल्लं ते वहीत लिहा. रिपोर्टमध्ये ७० ते १८० च्या दरम्यान किती वेळ गेला ते येतं. साधारण अपेक्षा ७० टक्क्यांची असते, पण वय झालेल्यांना किंवा इतर आजार असलेल्यांना डॉक्टर ५० टक्केही चालवून घेतात. 'लो' मात्र जवळजवळ नकोच. डोस आपल्या मनाने बदलू नका.

ग्लुकोमीटर घरात राहू द्या. वडिलांना थरथर, घाम, गोंधळल्यासारखं होत असेल आणि सेन्सर सगळं ठीक दाखवत असेल, तर बोट टोचून बघा. व्हिटॅमिन सीच्या जास्त डोसच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधीच सांगा. त्यांनी लिब्रेचा आकडा खोटा वाढतो.